वत्सलाकाकीच्या तीन तारखा

आमोण्यात बाळ जन्माला यायचं तर त्याला आधी डॉक्टरीणबाई तारीख देत आणि मग वत्सलाकाकी. डॉक्टरीणबाईंची तारीख फाइलीवर लिहिलेली असे, काकीची कानात सांगितलेली. आणि फाइलीपेक्षा कानावर माणसाचा भरवसा जास्त, हे काय नव्याने सांगायला हवं?

वत्सला सदुसष्ट वर्षांची. उंचीने बेताची, पण हात असे की गावातल्या सुताराने हेवा करावा. सासूचे गुडघे गेले तेव्हा सासूचं काम तिच्याकडे आलं: बाळ-बाळंतिणीला चाळीस दिवस न्हाऊ-माखू घालायचं, तेल जिरवायचं, धुरी द्यायची, पोट बांधायचं. पस्तीसेक वर्षं तिने हे केलं. आज पंचायतीत जे लोक पाय पसरून बसतात त्यांतल्या निम्म्यांची नाकं वत्सलाने चिमटीत धरून सरळ केलेली आहेत, आणि एखादा फार बोलायला लागला तर ती ते चारचौघांत सांगतेही.

पण तिचं नाव झालं ते तारखांमुळे. बाईची चाल बघायची, पोटावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि मग कानाशी जाऊन सांगायचं, "शुक्रवार." शुक्रवारी बाळ हजर. डिचोलीच्या बाजारात मासे घेताना बायका एकमेकींना सांगत, "काकीचा हात म्हणजे यंत्र गो."

यंत्र कसलं? तिची युक्ती अशी होती, आणि ती तिचा नवरा निवृत्ती सोडून कुणालाच माहीत नव्हती. ती एका घरात तीन माणसांना तीन तारखा सांगायची. पोरीच्या आईला एक, सासूला दुसरी, नवऱ्याला तिसरी. वर प्रत्येकाला बजावायची, "कुणाकडे बोलू नको हां. तारीख बाहेर फुटली की पोर अडून बसतं." तिघांतल्या एकाची तारीख बरोबर ठरे किंवा जवळपास जाई, आणि तो माणूस नारळ घेऊन दारात येई आणि गावभर ढोल वाजवी. उरलेले दोघे गप्प. आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल, असं म्हणत ते ढोलाच्या मागून चालत.

हे तिने बसून योजलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका सासूला तिने गुरुवार सांगितला, दोन दिवसांनी आईने विचारलं तेव्हा आधी काय सांगितलं ते विसरून शनिवार म्हणाली, आणि कुंपणावरून नवरा डोकावला तेव्हा त्याला कटवायला मंगळवार. पोर शनिवारी झालं. आई खणानारळ घेऊन आली आणि पाया पडली. खाली वाकलेल्या त्या बाईकडे बघताना वत्सलाला जे कळलं, ते ती पुढे कधी विसरली नाही. निवृत्ती एवढंच म्हणाला होता, "एक दिवस तिघं एका ठिकाणी बसतील, तेव्हा माझ्याकडे पळत येऊ नको."

तिघं एका ठिकाणी बसत नसत, हीच तर खरी सोय होती. पहिलं बाळंतपण माहेरी. आई एका गावात, सासू दुसऱ्या गावात, नवरा दोन्हीकडे पाहुणा. आणि व्याही-विहिणी एकमेकींशी बोलतात ते किती? प्रकृती, पाऊस आणि आंबे.

तीन घरं सोडून राहणाऱ्या कमलाक्षीच्या सुनेने ही सोय मोडली.

सून तनया. सत्तावीस वर्षांची, औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायला होती, त्यामुळे तिला सगळं मोजायची सवय. माहेर तिचं केरीला, अगदी गोव्याच्या वरच्या टोकाला, समुद्राकडे. डॉक्टरीणबाई मात्र डिचोलीच्या. शेवटच्या दिवसांत एवढ्या लांब जाऊ नका, कळा सुरू झाल्या तर रस्त्यात अडकाल, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मुलगी माहेरी जाण्याऐवजी माहेरच मुलीकडे आलं. सुमंगला, तनयाची आई, दोन पिशव्या सोलं, एक पिशवी कुळीथ, घरचं खोबरेल आणि स्वतःची उशी घेऊन महिनाभरासाठी कमलाक्षीच्या घरी उतरली.

दोन विहिणी एका स्वयंपाकघरात. भांडण मुळीच नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं.

"विहीणबाई, तुम्ही बसा हो, पेज मी करते."

"छे छे, तुम्ही पाहुण्या. आमच्याकडे पेज जरा दाट करतात, एवढंच."

"दाट? पोटुशी बाईला दाट जड जाते, असं आमच्या केरीत म्हणतात. पण तुमचं घर, तुमची पद्धत."

तनयाच्या पुढ्यात मग दोन वाट्या येत, एक दाट, एक पातळ, आणि दोघी समोर बसून कुठली आधी संपते ते बघत. तनया दोन्हींतून आळीपाळीने घास घेई.

वत्सला या घरात गेली, तनयाच्या पोटावर हात ठेवला आणि नेहमीच्या सवयीने, एकेकाला परसात गाठून, सांगून मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंची तारीख वीस होती. सुमंगलेला तिने सांगितलं सतरा. कमलाक्षीला एकवीस. दत्तप्रसादला, म्हणजे नवऱ्याला, पंचवीस. तो पणजीच्या सरकारी कचेरीत. त्याने लगेच चोवीसपासून रजा टाकली. तिघं एकाच छपराखाली आहेत हे वत्सलाच्या लक्षात आलं ते घरी परतून हातपाय धुताना. त्या दिवसापासून ती रोज काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन बसू लागली. तनयाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी ही की दोघी विहिणींचं बोलणं पेजेवरून तारखेवर घसरू नये.

ते दिवस तसेही घसरगुंडीचेच होते. तनयाचे पाय सुजले, चपलेत जाईनात म्हणून ती दत्तप्रसादच्या चपला घालून हिंडत होती. पोट खाली उतरलं. "आता दम लागत नाही, पण दर अर्ध्या तासाला जावं लागतं," असं ती म्हणाली. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. आणि एका सकाळी उठून तिने सगळी कपाटं रिकामी केली, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचा पुसल्या, मसाल्याच्या डब्यांवर नावं चिकटवली. कमलाक्षी खूश झाली. सून लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मसाल्याच्या फळीशी बोलली, म्हणाली. वत्सला म्हणाली, "घरटं बांधतेय. पाखरूही बांधतं. करू दे, पण स्टुलावर चढू देऊ नको."

नऊ तारखेला कळा आल्या. घरात धावपळ. वत्सलाला बोलावलं. तिने बघितलं: कळ येतेय, जातेय, पण वाढत नाही, जवळ येत नाही, आणि पाठीकडून नाही, पुढूनच. "खोट्या आहेत," ती म्हणाली. "दोन कोप पाणी पी, अंगणात चार फेऱ्या मार." तनया दोन पेले पाणी प्यायली, तिने फेऱ्या मारल्या, आणि तासाभरात कळा गेल्या. कमलाक्षीने सुमंगलेकडे आणि सुमंगलेने कमलाक्षीकडे बघितलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव: बघितलंत आमच्या वत्सलाला? दोघी मनात आपापली तारीख जपून होत्या.

आता बारा तारीख. मंगळवार. दुपारची जेवणं झाली होती. वत्सला तेलाची बाटली द्यायच्या निमित्ताने आलेली. तनया जनेलापाशी खुर्चीत, एक हात पोटावर, दुसऱ्यात मोबाइल.

"आज कमी हलतंय," ती म्हणाली.

"शेवटी शेवटी जागा कुठे असते हलायला?" सुमंगला म्हणाली. तिच्या मनात सतरा.

"झोपलं असेल," कमलाक्षी म्हणाली. तिच्या मनात एकवीस. "बापावर गेलंय. दत्ता पण मंगळवारचा झोपायचा."

"जेवल्यावर अर्ध्या तासात दहा वेळा हलतं ते," तनया म्हणाली. "मी रोज लिहिते. आज सकाळपासूनच मंद आहे, आणि जेवल्यापासून दोनदा."

वत्सलाने तिला डाव्या कुशीवर झोपवलं, थंड सरबत दिलं आणि स्वतः शेजारी बसली. पोटावर तळहात ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ काही नाही. मग एक हालचाल, आतून कुणी कड बदलावी तशी, आळसट. पुन्हा काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धं वर्तुळ फिरला. जेवल्यापासून एकूण तीन वेळा.

जागा नसते म्हणून पोर हलत नाही, हे वत्सलाने म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं आणि सुरुवातीला दोन-चार ठिकाणी स्वतःही सांगितलं होतं. त्यातल्या एका घरी ती पुढे न्हाऊ घालायला गेलीच नाही. जायचं कारण उरलं नव्हतं. त्या घरावरून जाताना ती आजही रस्त्याची पलीकडची बाजू धरते.

"डॉक्टरीणबाईकडे जाऊया," ती म्हणाली. "आत्ता."

कुणी हललं नाही. म्हणजे बघा, बाळ हलत नाही म्हणून सांगितलं तर घरातलं कुणीही हलत नव्हतं. कमलाक्षी गालात हसली, उठली, आणि वत्सलाला दंडाला धरून चुलीपाशी घेऊन गेली.

"अगो, कशाला घाबरवतेस पोरीला? तूच म्हणालीस ना एकवीस?"

ती हळूच बोलली, पण कमलाक्षीचं हळूच म्हणजे अंगणापर्यंत. सुमंगलेची मान वळली.

"एकवीस कशी?" सुमंगला म्हणाली. "मला तर त्यांनी सतरा सांगितली."

"सतरा?"

"सतरा. त्या फणसाखाली उभं राहून सांगितली. कुणाकडे बोलू नको म्हणून."

"मला पण कुणाकडे बोलू नको म्हणूनच सांगितली."

तनयाने एवढ्यात दत्तप्रसादला फोन लावला होता आणि तो स्पीकरवर होता. पणजीच्या कचेरीतून त्याचा आवाज आला, "पण पंचवीसला ना? मी रजा पंचवीसच्या हिशेबाने घेतलीय."

स्वयंपाकघरात गॅसवर दूध उतू गेलं आणि दोघी विहिणींपैकी एकीनेही ते बघितलं नाही. दोघी वत्सलाकडे बघत होत्या.

आता तिच्याजवळ बहाणे होते. पस्तीस वर्षांचा साठा होता. ग्रह फिरले, कुणीतरी दृष्ट लावली, तू नीट ऐकलं नाहीस, सतरा म्हणजे कळा आणि एकवीस म्हणजे बारसं. यातला एक जरी बाहेर काढला असता तर अर्धा तास सहज निघून गेला असता, आणि दोघीही समाधानाने चहाला बसल्या असत्या. नाव राहिलं असतं. वत्सलाने जनेलाकडे बघितलं. तनया पोटावर हात ठेवून मोबाइलकडे बघत होती, आणि तिथे तिसऱ्यानंतर चौथी खूण उमटलेली नव्हती.

"तिन्ही खोट्या," वत्सला म्हणाली. "सगळ्यांना तीन-तीन सांगते. कधीपासूनच. मला तारखेतलं काही कळत नाही. पोटातलं थोडं कळतं, आणि ते म्हणतंय गाडी बोलवा."

"पस्तीस वर्षं?" कमलाक्षी म्हणाली.

"छत्तीस. शिव्या गाडीत दे. सगुणला फोन कर."

सगुणची व्हॅन शाळेच्या पोरांना सोडून नुकतीच परतली होती. सीटखाली कुणाची तरी पाण्याची बाटली गडगडत होती. तनया मधल्या सीटवर डाव्या कुशीला कलून, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू. वत्सला पुढे सगुणच्या शेजारी, मांडीवर तनयाची फाइल. आणि गाडी आमोण्याच्या बाहेर पडते न पडते तोच मागून सुरू झालं.

"केरीपर्यंत मी हिचं नाव सांगितलं हो विहीणबाई. माझ्या दोन्ही वहिन्यांना सांगितलं."

"तुमचं केरीपर्यंत. मी तर आमच्या दत्ताच्या वेळेपासून सांगतेय. दत्ताच्या वेळी मला हिने आठ सांगितलेली, तो झाला बाराला. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुमचं कसलं चुकतंय? तुमच्यासारखी बाई."

"तुम्ही तरी काय कमी विश्वास ठेवलात?"

महिनाभरात दोघी पहिल्यांदा एका सुरात बोलत होत्या. त्या सुरापुढे सगुणचा हॉर्न कमी पडला.

"माझ्या वेळी मात्र तारीख अगदी बरोबर आली होती हां," सगुण आरशात बघत म्हणाला. "काकी, तुम्ही मला बुधवार सांगितला आणि पोरगी बुधवारीच झाली."

"तुझ्या सासूला काय सांगितलं होतं विचार," कमलाक्षी म्हणाली.

सगुण पुढचं एक वळण विचार करत राहिला. "सासू त्या दिवसापासून माझ्याशी जरा कमीच बोलते, हे खरं," तो म्हणाला.

तनया हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिचा हात पोटावरच थांबला, आणि वत्सलाने मागे वळून न बघता विचारलं, "हललं?"

"एकदा."

"सगुण, खड्डे चुकव, पण वेग कमी करू नको."

डिचोलीत डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं, पोटाला पट्टा बांधला आणि बाळाचे ठोके कागदावर उमटू लागले. रेघ वर-खाली चालायची तशी चालली, मग मध्येच खाली गेली आणि तिथेच रेंगाळली, मग वर आली. डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा बघितला.

"हलायचं कधीपासून कमी झालं?"

"सकाळपासून. जेवल्यापासून तीनदा. गाडीत एकदा," तनया म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

"बरं केलंत लिहून ठेवलंत. उद्यावर टाकलं नाहीत ते त्याहून बरं." त्या उठल्या. "कळांची वाट बघत नाही. सिझेरियन करूया."

मग बाहेरचा बाक. तीन बायका आणि एक रिकामी जागा, जी दत्तप्रसाद पणजीहून बसने येईपर्यंत रिकामीच राहिली. आता शिव्या संपल्या होत्या. कमलाक्षीने पदराचं टोक इतकं पिळलं की ते दोरीसारखं झालं. सुमंगला भिंतीवरच्या लशींच्या तक्त्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल किंवा डांग्या खोकल्याचं. वत्सला दोघींच्या मध्ये नव्हती, टोकाला होती, कारण दोघी सरकून एकमेकींजवळ बसल्या होत्या.

साडेपाचला नर्स बाहेर आली. मुलगी. तीन किलोला थोडी कमी. नाळ गळ्याभोवती होती, पण रडलीय छान. आईही बरी.

बारा तारीख. कुणालाच न सांगितलेली.

दोघी विहिणी उठून नर्सच्या मागे गेल्या. दत्तप्रसाद घामाघूम धावत आला आणि तोही त्यांच्या मागे गेला. वत्सला बाकावर बसली होती तशीच बसली. तिचा हात, पोटावर ठेवायचा तो, मांडीवर उताणा पडला होता. मग ती उठली आणि सगुणच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

आता नावाचं काय झालं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलवरून आला तेव्हा त्यालाही माहीत होतं. कमलाक्षीने फोन केले, सुमंगलेने फोन केले, आणि दुपारपर्यंत आमोण्यापासून केरीपर्यंतच्या बायका आपापल्या तारखा बाहेर काढून बसल्या. नळावर, दुकानात, बसथांब्यावर. "मला सोमवार." "मला? मला तर पुढचा महिना." तीसतीस वर्षं एकेकीने पोटात ठेवलेली चुकलेली तारीख बाहेर पडली, आणि कुणी रागावली, पण बऱ्याचशा इतक्या हसल्या की दुकानदाराने काय झालं म्हणून विचारलं. वत्सला दोन दिवस घराबाहेर पडली नाही. निवृत्ती पडला, आणि संध्याकाळी येऊन कुणाला कुठली तारीख मिळाली होती त्याची बातमी देत राहिला. "मी काय म्हणालो होतो," असं तो म्हणाला नाही. नुसता चहा जास्त वेळ ढवळत बसे.

तिला एकच गोष्ट लागून राहिली होती. तारखा गेल्या तर गेल्या. पण चाळीस दिवसांचं बोलावणं आता कोण पाठवणार? नाक दाबायला, पाठीवर तेल ओतायला? जिच्या तोंडावर विश्वास नाही तिच्या मांडीवर पोर कोण देईल?

सहाव्या दिवशी तनया घरी आली. बोलावणं आलं नाही. सातव्या दिवशी सकाळी कमलाक्षीच्या न्हाणीतून धूर निघाला. वत्सला अंगणात तांदूळ निवडत होती. पाणी तापतंय, एवढंच तिने ओळखलं, आणि खडा समजून एक चांगला तांदूळ फेकला.

मग रडणं ऐकू आलं. बाळ रडतंच, त्यात काय? पण हे भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. निसरड्या हातांतून सुटायच्या भीतीचं होतं. तिने दोन हुंदके ऐकून घेतले. तिसऱ्याला सूप खाली ठेवलं.

न्हाणीत दोघी विहिणी कोपरापर्यंत ओल्या. कमलाक्षी पाटावर पाय पसरून, पण पाय वाकलेले, त्यामुळे बाळ मध्येच घसरतंय. सुमंगला बालदीत हात घालून, पाणी कढत की कोमट यावर बोलत. बाळाच्या डोक्यावर बेसन आणि कानातही बेसन.

"कोणी बोलावलं तुला?" कमलाक्षी म्हणाली.

"हिने," वत्सला म्हणाली आणि बाळाकडे मान केली.

कमलाक्षीने बाळाच्या कानातलं बेसन बोटाने काढलं. मग बाळ उचलून तिने सुमंगलेच्या हातात दिलं आणि पाटावरून उठली. वत्सला बसली. पाय लांब केले, लुगडं वर घेतलं, कोपराने पाणी बघितलं आणि एक तांब्या थंड घालायला लावलं. बाळाला पायांवर घेतलं. तळहात पाठीवर ठेवला मात्र, रडणं अर्ध्यात राहिलं आणि त्या पोरीने एक मोठी जांभई दिली.

"तनयाच्या टाक्यांवर पाणी घालायचं नाही," वत्सला खाली बघत म्हणाली. "डॉक्टरीणबाई सांगतील तोपर्यंत पोट बांधायचं नाही. नुसतं अंग पुसून देते, आणि पाय चेपून."

"ते आम्हाला माहीत आहे," सुमंगला म्हणाली. "फाइलीत लिहिलंय."

"मग बरं."

बाळ पुसून, धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून झालं. वत्सलाने ते तनयाजवळ नेऊन ठेवलं. तनया तिच्याकडे बघून हसली आणि तिने सरकून जागा केली. वत्सला निघाली तर दारात कमलाक्षी.

"उद्या किती वाजता येशील?"

"आठ."

"थांब," कमलाक्षी म्हणाली आणि आत वळून हाक मारली, "विहीणबाई, बाहेर या जरा. ही वेळ सांगतेय. दोघींनी मिळून ऐकूया."

सुमंगला हात पुसत आली. दोघी उंबऱ्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

"आठ," वत्सला पुन्हा म्हणाली.

"मला पण आठच ना?" सुमंगलेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी वत्सला साडेसातलाच जाऊन पोचली, तर पाणी तापायचं होतं, आणि दोघींनी तिला अर्धा तास अंगणात बसवून ठेवलं.